वनस्पती व फुलांचे समीप छायाचित्रण : क्षेत्रीय निरीक्षणाची एक पद्धती

गोषवारा

डिजिटल कॅमेरा व भ्रमणध्वनी सर्वांच्या हाती आल्यामुळे महाविद्यालयीन क्षेत्रीय अभ्यासात फुलांची छायाचित्रे मोठ्या संख्येने घेतली जातात. तथापि त्यांपैकी बरीच छायाचित्रे वनस्पतीची जात ठरविण्यास उपयोगी पडत नाहीत. याचे मूळ उपकरणाच्या दर्जात नसून समीप छायाचित्रणात सुस्पष्ट दिसणारा थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो, या वस्तुस्थितीत आहे. त्या थरात फुलाचे कोणते लक्षण बसवावयाचे हा निर्णय छायाचित्रणाइतकाच वनस्पतिशास्त्राचा आहे. प्रस्तुत लेखात या थराचे गणित, उघड्यावरील वारा व प्रकाश यांचे नियोजन, ओळखलक्षणांनुसार दृष्टिकोनाची निवड आणि पठारांवरील नाजूक अधिवासांत पाळावयाची शिस्त यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : समीप छायाचित्रण, विशालन, सुस्पष्टतेची खोली, ओळखलक्षणे, जांभ्याची पठारे, वनस्पतिसंग्रह

प्रास्ताविक

वनस्पतिशास्त्र विभागाची पावसाळी सहल ही आपल्याकडील महाविद्यालयांची जुनी परंपरा आहे. पूर्वी अशा सहलीत विद्यार्थ्यांच्या पाठीवर वर्तमानपत्रांच्या घड्या व दाबयंत्र असे. आज त्याच्या जोडीला, आणि बऱ्याचदा त्याच्या जागी, कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी असतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत वाळविलेल्या नमुन्याशेजारी रंगीत छायाचित्र चिकटविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. एका अर्थी हा बदल स्वागतार्ह आहे. पन्नास विद्यार्थ्यांच्या तुकडीने प्रत्येकी वीस नमुने खुडले, तर एका दिवसात हजार झाडांना हात लागतो. आणि त्यांत एखादी अल्प क्षेत्रात वाढणारी जात असेल, तर त्या ठिकाणची तिची पुढील हंगामाची बी कमी होते. छायाचित्र या खुडण्याला पर्याय ठरू शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही.

परंतु पर्याय ठरण्यासाठी छायाचित्राने नमुन्याचे काम केले पाहिजे. नमुना हाती घेऊन आपण पानामागची लव पाहतो, फूल उलटे करून निदलपुंज पाहतो, पाकळी बाजूला सारून पुंकेसर मोजतो. विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांत बहुधा एकच दृश्य असते : समोरून घेतलेले, पार्श्वभूमी धूसर असलेले, रंगांनी उठावदार असे एक फूल. ते भिंतीवर शोभून दिसते. मात्र त्यावरून प्रजातीपर्यंत कसेबसे पोहोचता येते व जातीपाशी वाट संपते.

वनस्पतींच्या अभ्यासात छायाचित्राचा उपयोग मुळीच नवा नाही. इंग्लंडमधील ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवलांच्या निळ्या छायामुद्रा प्रसिद्ध केल्या. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. अध्यापकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांचे आहे. बर्लिनच्या कलाशाळेत शिकविणाऱ्या या गृहस्थांनी स्वतः जुळविलेल्या कॅमेऱ्यांनी कोंब, कळ्या, बोंडे यांची मोठी केलेली चित्रे घेतली, ती विद्यार्थ्यांना आकृतिबंध शिकविण्यासाठी. ती १९२८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि नंतर जगाने त्यांना कला म्हटले. वर्गात दाखवावयाचे साधन म्हणून ती जन्मली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अर्थात ब्लॉसफेल्ट यांची रोपे साध्या पार्श्वभूमीपुढे स्थिर असत. उघड्यावर, सप्टेंबरच्या वाऱ्यात हलणाऱ्या रोपाचा प्रश्न वेगळा आहे.

सुस्पष्टतेच्या थराचे गणित

समीप छायाचित्रणात प्रथम समजून घ्यावयाची राशी म्हणजे विशालन. वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्यातील संवेदकावर वस्तूच्या मूळ आकाराइतकीच उमटत असेल, तर विशालन १:१ झाले असे म्हणतात. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. म्हणून १:१ विशालनात चौकटीत नेमका ३६ × २४ मिलिमीटरचा तुकडा मावतो. विशालन निम्मे असेल तर ७२ × ४८ मिलिमीटर आणि पाव असेल तर १४४ × ९६ मिलिमीटर. बहुतेक मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत संवेदक याहून लहान, सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा असतो. तेथे हे आकडे त्या प्रमाणात बदलतात.

आता भिंगापासून ज्या अंतरावर फोकस साधला आहे, त्या प्रतलाच्या किंचित पुढे व किंचित मागे असलेला भागही डोळ्यास सुस्पष्ट भासतो. या थराच्या एकूण जाडीस सुस्पष्टतेची खोली म्हणतात. दूरच्या देखाव्यात ती कित्येक मीटर असते व तिचा विचार करावा लागत नाही. जवळ गेल्यावर मात्र चित्र पालटते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ०.०३ मिलिमीटर व्यासाचा ठिपका डोळ्यास बिंदूसारखा दिसतो असे धरले, तर थराची जाडी साधारणतः पुढील सूत्राने मिळते : २ × छिद्रांक × ०.०३ × (विशालन + १), भागिले विशालनाचा वर्ग. छिद्रांक एफ/११ ठेवला, तर एक दशांश विशालनात ही जाडी सुमारे ७३ मिलिमीटर येते. पाव विशालनात १३ मिलिमीटर. निम्म्या विशालनात ४ मिलिमीटर. आणि १:१ विशालनात अवघी १.३ मिलिमीटर. छिद्र पूर्ण उघडून एफ/२.८ वर तेच चित्र घेतल्यास जाडी एक तृतीयांश मिलिमीटर उरते. तांदळाचा दाणाही त्यात आडवा मावणार नाही.

छिद्र लहान करीत गेल्यास थर जाड होतो, मग एफ/२२ वा एफ/३२ का ठेवू नये, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर पदार्थविज्ञान विभागातील सहकारी सहज देऊ शकतील. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना विवर्तनामुळे पसरतो व बिंदूचा ठिपका होतो. शिवाय १:१ विशालनात भिंग संवेदकापासून इतके दूर सरकलेले असते, की भिंगावर लावलेला एफ/११ प्रत्यक्षात एफ/२२ सारखा वागतो. म्हणजे प्रकाशही एक चतुर्थांशच पोहोचतो. (काही कॅमेरे हा परिणामी छिद्रांकच पडद्यावर दाखवितात, ते माहीत नसल्यास गोंधळ उडतो.) या स्थितीत हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाचा ठिपका सुमारे ०.०३ मिलिमीटर येतो, म्हणजे आपण सहन करावयाच्या मर्यादेइतका. भिंगावर एफ/२२ लावल्यास तो दुप्पट होतो : थर जाड झाला खरा, पण संपूर्ण चित्र मऊ पडले. म्हणून अधिक विशालनात एफ/८ ते एफ/१६ या पट्ट्यातच काम करावे, असा व्यवहार रूढ झाला आहे, व तो योग्यच आहे.

याचा अर्थ असा की थराची जाडी वाढविण्याचा मार्ग लवकरच खुंटतो. तो थर कोठे व कोणत्या दिशेने ठेवावयाचा, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती राहते. थर नेहमी संवेदकाच्या प्रतलाला समांतर असतो. फुलाचा जो भाग दाखवावयाचा, तो या प्रतलात आणणे, ही समीप छायाचित्रणाची अर्धी विद्या होय.

जास्वंदीचे उदाहरण घेऊ. साधी एकेरी जास्वंद प्रत्येक आवारात असते व तिचे फूल मोठे असल्याने शिकण्यास सोयीचे आहे. तिच्या पुंकेसरांची नळी फुलाच्या मध्यातून बाहेर येते, तिच्यावर परागकोश असतात व टोकाशी कुक्षीच्या पाच गुंड्या दिसतात. ही नळी सहा सेंटिमीटर लांब आहे असे समजू. फूल समोरून टिपले, तर ही लांबी कॅमेऱ्याच्या दिशेने येते. पाव विशालनात व एफ/११ वर १३ मिलिमीटरचा थर या ६० मिलिमीटरांपैकी फार तर पाचवा हिस्सा व्यापतो. कुक्षी स्पष्ट आली तर पाकळ्यांचा तळ धूसर होतो आणि तळ स्पष्ट केला तर कुक्षी विरघळते. तेच फूल काटकोनातून, बाजूने टिपले, तर संपूर्ण नळी एकाच प्रतलात येते व सर्व परागकोश मोजता येण्याइतके स्पष्ट उमटतात. शिवाय निदलपुंजाखाली असलेल्या अपिनिदलांचे वलयही त्याच चौकटीत येते, आणि या कुलातील वनस्पती ओळखताना ते वलय महत्त्वाचे आहे. कॅमेरा तोच, छिद्रांक तोच, प्रकाश तोच. केवळ नव्वद अंशांच्या फरकाने शोभेचे चित्र अभ्यासाचे झाले.

अनेक चित्रे निरनिराळ्या प्रतलांवर फोकस साधून घ्यावयाची व संगणकावर त्यांतील सुस्पष्ट भाग एकत्र करावयाचा, अशी रीत आता प्रचलित आहे. प्रयोगशाळेतील मेजावर ती उत्तम चालते. पठारावर मात्र दोन चित्रांच्या दरम्यान रोप हलते व एकाच फुलाला दोन कडा दिसू लागतात. वारा पडलेला असेल तेव्हा ती जरूर वापरावी; पण चित्र जोडलेले आहे याची नोंद खाली केली पाहिजे.

उपकरणांविषयी थोडक्यात

महागडे भिंग नसल्यामुळे विभागात हे काम सुरू करता येत नाही, हा समज दूर व्हावा. पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराच्या साध्या भिंगामागे पंचवीस मिलिमीटर लांबीची पोकळ विस्तारनळी जोडली, की निम्मे विशालन मिळते. नळीत काच नसल्याने ती स्वस्त असते. दोनशे मिलिमीटरच्या भिंगापुढे दोन डायॉप्टरचे जोडभिंग लावल्यास अर्ध्या मीटरवरून ०.४ विशालन साधते. खास समीप छायाचित्रणाची भिंगे घ्यावयाची झाल्यास शंभर मिलिमीटरच्या आसपासची घ्यावीत. त्यांत १:१ विशालनातही फूल भिंगापासून तेरा-पंधरा सेंटिमीटर दूर राहते. कमी नाभीय अंतराच्या भिंगात हे अंतर काही सेंटिमीटरच उरते व भिंगाची सावलीच फुलावर पडते.

भ्रमणध्वनीचा संवेदक अगदी लहान असल्यामुळे त्यात सुस्पष्टतेची खोली तुलनेने अधिक मिळते, हा त्याचा लाभ आहे. परंतु अनेक भ्रमणध्वनींत जवळची चित्रे विस्तृत कोनाच्या भिंगाने घेतली जातात. फुलाजवळ अगदी दोन-चार सेंटिमीटरवर जावे लागते आणि पुढचा भाग अवाजवी मोठा व मागचा लहान दिसतो. अशा चित्रावरून पाकळी व पुंकेसर यांच्या लांबीचे प्रमाण काढू नये. एरवी पान, खोड, साल, फुलोरा यांच्या नोंदीसाठी भ्रमणध्वनी पुरेसा आहे.

वारा आणि प्रकाश

उघड्यावर काम करताना वारा हा खरा प्रतिस्पर्धी होय. एकदांडीचे फूल सेकंदाला अवघे एक सेंटिमीटर या मंद गतीने झुलत आहे असे धरले, तर १:१ विशालनात १/१२५ सेकंदाच्या उद्भासनात त्याची प्रतिमा संवेदकावर ०.०८ मिलिमीटर सरकते. म्हणजे आपल्या मर्यादेच्या अडीचपट. १/५०० सेकंदात ती ०.०२ मिलिमीटर सरकते व चित्र स्वच्छ येते. परंतु इतके अल्प उद्भासन, एफ/११ आणि ढगाळ आकाश या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. मग संवेदनशीलता वाढवावी लागते व चित्रात कण दिसू लागतात. येथे आपला अग्रक्रम ठरलेला असावा. अभ्यासाच्या चित्रात थोडे कण चालतील. हललेली कडा चालणार नाही.

सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, वारा बहुधा कमी असतो. अर्थात काही फुले त्या वेळी मिटलेली असतात, तेव्हा त्या जातीची उमलण्याची वेळ आधी पाहून ठेवावी. डोलणाऱ्या देठाशेजारी एखादी काडी रोवून तिच्या टोकाच्या सैल चिमट्याने देठ अलगद धरता येतो. काम होताच तो सोडावा. तिपाई असावीच, पण जमिनीपासून वीतभर उंचीच्या रोपांसाठी तिपाईपेक्षा वाळूने भरलेली कापडी पिशवी अधिक उपयोगी पडते. स्थूल फोकस भिंगाने साधून नंतर स्वतःच तसूभर पुढे-मागे झुकून नेमका क्षण टिपावा. १:१ विशालनात स्वयंचलित फोकस बहुधा चाचपडत राहतो.

प्रकाशाच्या बाबतीत पावसाळी ढग हे आपले मित्र आहेत. त्यांच्यामुळे प्रकाश चहूकडून येतो व पाकळ्यांच्या घड्यांत काळ्या सावल्या पडत नाहीत. ऊन असल्यास फुलावर पांढरे पातळ कापड किंवा ट्रेसिंग पेपर धरावा. समोरून थर्माकोलचा तुकडा धरल्यास सावलीचा भाग उजळतो. कॅमेऱ्यातील फ्लॅशचा थेट झोत टाळावा, मात्र बटर पेपरमधून मऊ केलेला फ्लॅश वाऱ्यावर चांगला उपाय ठरतो, कारण त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून अल्प असू शकते. मागून येणारा तिरपा प्रकाश एरवी टाळला जातो; पण खोडावरची लव, निदलांवरच्या ग्रंथी, काटेरी कडा या सर्व गोष्टी त्याच प्रकाशात उजळून दिसतात. ड्रोसेरा या कीटकभक्षी रोपाला मराठीत दवबिंदू म्हणतात. त्याच्या केसांच्या टोकांवरील चिकट थेंब मागच्या प्रकाशात मण्यांसारखे चमकतात. ते दव नव्हे, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यास याहून सोपा मार्ग नाही. याच कारणास्तव फुलांवर पिचकारीने पाणी उडवून खोटे दव निर्माण करण्याची छायाचित्रकारांची सवय अभ्यासाच्या कामात वर्ज्य समजावी.

पांढरे फूल गडद झाडीपुढे असेल, तर कॅमेरा सरासरी काढून उद्भासन वाढवितो व पाकळ्यांतील शिरा नाहीशा होतात. तेथे उद्भासन हाताने कमी करावे. पांढऱ्या फुलाने चौकट भरली असेल, तर याच्या उलट करावे लागते. रंगांची खात्री हवी असल्यास पहिल्या चित्रात करड्या रंगाचा एक तुकडा फुलाशेजारी ठेवावा.

कोणते लक्षण, कोणती बाजू

येथवरचे विवेचन कोणत्याही फुलाला लागू पडते. आता निवडीचा प्रश्न येतो, आणि येथे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाची जागा छायाचित्रणाचे पुस्तक घेऊ शकत नाही. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथासारखा कोणताही ग्रंथ उघडला, तर दोन जातींतील भेद पानाच्या देठावर, छदांच्या लांबीवर, शुंडिकेच्या वळणावर उभा असल्याचे दिसते. चित्र घेण्यापूर्वी त्या गटाची ओळखतालिका एकदा वाचली, तर कॅमेरा कोठे ठेवावयाचा हे तीच सांगते.

कळलावीच्या फुलापाशी हे चांगले लक्षात येते. पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या या वेलीच्या सहा परिदलांच्या ज्वाळा इतक्या मोहक असतात, की बहुतेक चित्रे त्यांचीच घेतली जातात. पण फूल खाली झुकलेले असते, परिदले मागे वळलेली असतात, सहा पुंकेसर बाजूंना पसरतात आणि कुक्षिवृंत तळापाशीच जवळजवळ काटकोनात वळून आडवा होतो. ते वळण दिसण्यासाठी देठ व कुक्षिवृंत ज्या प्रतलात आहेत, त्याला कॅमेऱ्याचा संवेदक समांतर असला पाहिजे. अन्य कोणत्याही दिशेने पाहिल्यास वळण आखूड दिसते वा पूर्ण लपते. दुसरे चित्र पानाच्या टोकाचे घ्यावे, कारण ते टोकच ताण्याचे काम करते. तिसरे, एकाच वेलीवरील ताज्या व जुन्या फुलांचे, कारण हिरवट पिवळ्यापासून लालपर्यंतचा रंगबदल वयामुळे होतो, जातिभेदामुळे नव्हे. ही तीन चित्रे हाती असल्यास वेलीचे एकही फूल तोडावे लागत नाही. विषारी वनस्पती असल्याने ते सोयीचेही आहे.

तेरड्याच्या प्रजातीत शुंडिका, म्हणजे फुलामागे निघालेली पोकळ शेपटी, निर्णायक ठरते. समोरच्या चित्रात ती पाकळ्यांमागे दडते. जमिनीवर उगवणाऱ्या हॅबेनेरिया प्रजातीच्या आमरींत ओष्ठाचे खंड समोरून व शुंडिकेची लांबी बाजूने, अशी दोन चित्रे अनिवार्य होतात. सीतेची आसवे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निळ्या-जांभळ्या युट्रिक्युलेरियातही हेच. कीटक पकडणाऱ्या तिच्या पिशव्या मात्र ओल्या मातीत दडलेल्या असतात. त्या दाखविण्यासाठी संपूर्ण वर्गाने रोपे उपटण्याऐवजी विभागातील जुनी काचपट्टी दाखविणे श्रेयस्कर.

सराव पठारावर करू नये, आवारात करावा. त्यासाठी एकदांडी, ज्याला दगडी पाला असेही म्हणतात, याहून चांगले फूल प्रस्तुत लेखकास सुचत नाही. उष्ण अमेरिकेतून आलेले हे तण प्रत्येक मैदानाच्या कडेला उगवते व कितीही तुडविले तरी कोणाचे नुकसान होत नाही. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे स्तबक, कडेला बहुधा तीन दात्यांची साधारणतः पाच किरणपुष्पके, मध्यभागी बाहेरून आत उमलत जाणारी पिवळी नलिकापुष्पके, खाली केसाळ छदे आणि लांब दांडीमुळे सतत डोलणे : यांत समीप छायाचित्रणाच्या सर्व अडचणी एकत्र आल्या आहेत. विद्यार्थ्याने एकाच झाडापाशी बसून वरून, बाजूने व मागून अशी चित्रे घ्यावीत आणि पिसासारखा रोमवलय धारण केलेले फळ स्वतंत्रपणे टिपावे. प्रत्येक चित्राखाली त्यातून कोणते लक्षण सिद्ध होते, हे एका वाक्यात लिहावे. वाक्य लिहिता आले नाही, तर चित्र कशासाठी घेतले हे त्याचे त्यालाच उमजते.

पठारावरील शिस्त

सातारा शहराजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांसमवेत जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील कोयना, चांदोली व राधानगरी ही अन्य स्थळे होत. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तेथे येणाऱ्यांत महाविद्यालयीन सहलींचेही प्रमाण लक्षणीय आहे. कोकणातील सडे तेवढे प्रसिद्ध नसले, तरी त्यांवरील पावसाळी वनस्पतीही तितकीच वैशिष्ट्यपूर्ण आहे. या सर्व ठिकाणी जांभ्याच्या कातळावर मातीचा थर पातळ असतो, कित्येक जागी बोटभर. त्यातच गेंद, सोनकी, कवला, दवबिंदू यांचे सारे आयुष्य काही आठवड्यांत पार पडते.

समीप छायाचित्रणाची अडचण अशी की ते दुरून करता येत नाही. वीतभर रोपाच्या पातळीवर येण्यासाठी झोपावे लागते, आणि झोपलेल्या माणसाखाली एका फुलासाठी शंभर रोपे चिरडली जातात. म्हणून उघड्या कातळाच्या किंवा पायवाटेच्या कडेची रोपेच निवडावीत. आतल्या घोळक्यातील फूल कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटात एकानेच जवळ जावे, इतरांनी नोंदी घ्याव्यात. चौकटीत येणारे गवत उपटण्याऐवजी हाताने बाजूला धरावे व नंतर पूर्ववत करावे. एखाद्या रोपाचे चित्र घेताना शेजारच्या रोपाचा बळी जाणार असेल, तर तो नमुना खुडण्याहून वाईट व्यवहार आहे.

नोंद आणि मर्यादा

प्रत्येक संचात निदान पुढील चित्रे असावीत : अधिवासासह संपूर्ण रोप, पर्णविन्यास, पानाच्या दोन्ही बाजू, फुलोरा, फूल समोरून व बाजूने, निदलपुंज, आणि असल्यास फळ. एका चित्रात मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी फुलाच्याच प्रतलात धरलेली असावी. पुढे वा मागे धरलेली पट्टी खोटे माप देते. दिनांक, उंची, माती, सोबतच्या वनस्पती, गंध आणि भेट देणारे कीटक यांची नोंद वहीत त्याच वेळी करावी, कारण गंध कोणत्याही संवेदकावर उमटत नाही.

इतके करूनही काही गटांत छायाचित्र अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. गवतांची ओळख कणिशकांच्या उकलीवर अवलंबून असते. गेंदाच्या जाती वेगळ्या करण्यास सूक्ष्मदर्शकाखाली पुष्पके व बीज पाहावे लागते. खरचुडीच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, कंदिलासारख्या फुलात जातिनिर्णयास उपयोगी असलेले प्रभावलय नळीच्या तळाशी, लहान माश्यांना काही काळ अडकवून ठेवणाऱ्या कोठडीत असते. ते फूल उभे चिरल्यावाचून दिसत नाही. नव्या जातीच्या बाबतीत तर नियमच स्पष्ट आहे. १ जानेवारी २००७ पासून प्रसिद्ध होणाऱ्या नावासाठी, सूक्ष्म शैवले-कवके यांसारखे काही अपवाद वगळता, प्ररूप म्हणून प्रत्यक्ष नमुनाच द्यावा लागतो. चित्र चालत नाही. अशा वेळी वन विभागाची परवानगी घेऊन एका अनुभवी व्यक्तीने एकच नमुना घ्यावा आणि तो मुंबईतील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांसारख्या मान्य संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहावा. पन्नास विद्यार्थ्यांना त्या एका नमुन्याची चित्रे अभ्यासता येतात.

राहता राहिला प्रश्न स्थाननोंदीचा. आजचे कॅमेरे व भ्रमणध्वनी चित्रासोबत अक्षांश-रेखांश आपोआप साठवितात. विभागाच्या दप्तरासाठी ही माहिती मौल्यवान आहे; पण खरचुडी व आमरी यांना ती घातक ठरू शकते. खरचुडीचे कंद गुराखी पूर्वापार खात आले आहेत, आता शोभेसाठी गोळा करणारेही आहेत. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदव्यवस्थेत संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप पुसट केले जाते. विद्यार्थ्यांनी चित्रे इतरत्र प्रसिद्ध करताना हे त्यांचे त्यांनाच करावे लागते : मूळ प्रत स्थानासह विभागात जमा करावी, आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीतून स्थान काढून टाकून केवळ तालुक्याचे नाव ठेवावे.